कारखाना खासगी, कर्जावर नाव गावाचं

मंडळी, परवा एका मित्राने विचारलं, "आपल्या काउंटीच्या आयडीएने एका गोदामाला करमाफी दिली म्हणे. ही आयडीए नक्की कोण? सरकार की कंपनी?"

न्यू यॉर्क राज्यात इतकी वर्षं राहून आपल्यातल्या बहुतेकांना याचं उत्तर ठाऊक नसतं. गावाकडची एमआयडीसी आपल्याला कळते: अख्ख्या राज्याचं एक महामंडळ, जमीन घेतं, प्लॉट पाडतं. इथे मात्र काउंटी-काउंटीचं, कधी एखाद्या शहराचं किंवा टाउनचं स्वतःचं महामंडळ असतं. राज्यात अशी शंभरहून जास्त आहेत. ती कशी जन्माला आली ते थोडक्यात सांगतो, कारण आजचे प्रश्न त्या इतिहासातच दडलेत.

सुरुवात मिसिसिपीत झाली. १८४० च्या दशकात या राज्याने बँकांसाठी काढलेले रोखे बुडवले, आणि पुढे सरकारी पत खासगी धंद्याला देण्यावर राज्यघटनेतच बंधन घातलं. १९३६ साली मंदी होती, कापसाला भाव नव्हता. गव्हर्नर ह्यू व्हाइट यांनी 'शेतीला उद्योगाची जोड' असा कायदा करून घेतला: गावाने रोखे काढायचे, इमारत बांधायची, कारखानदाराला भाड्याने द्यायची. ड्युरंट नावाच्या छोट्या गावात मोज्यांची गिरणी आली. १९३८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं: बेकारी हटवणं हेही सार्वजनिक कामच.

त्या कायद्यात देखरेख चांगली कडक होती. आधी राज्य आयोगाचा दाखला, मग गावात मतदान, साधं बहुमत पुरायचं नाही. पण मतदार कोण? राज्यात जवळपास निम्मी प्रजा कृष्णवर्णीय, आणि १८९० च्या घटनेने त्यांना मतपेटीपासून लांब ठेवलेलं. गिरण्यांतल्या नोकऱ्याही मुख्यतः गोऱ्यांनाच मिळाल्या. कागदावर नियम कितीही कडक असोत, टेबलाभोवती कोण बसलंय हे आधी बघायचं, हा पहिला धडा.

पुढची युक्ती अलाबामासारख्या राज्यांची. १९४९ आणि १९५१ च्या कायद्यांनी तिथे गावाच्या करांना हात न लावता रोखे काढायची सोय झाली. (१९५१ चा कायदा आणणारा तरुण आमदार म्हणजे पुढे गव्हर्नर झालेला जॉर्ज वॉलेस.) १९४९ च्या कायद्याने तर त्यासाठी वेगळं सार्वजनिक महामंडळ उभं करता येऊ लागलं. कर्ज महामंडळाच्या नावावर, हप्ते कंपनीच्या भाड्यातून. कंपनी बुडाली तर गावाच्या तिजोरीला तोशीस नाही.

मग यात कंपनीचा फायदा काय? १९१३ च्या आयकर कायद्यापासून राज्यांच्या आणि गावांच्या रोख्यांवरचं व्याज केंद्राच्या आयकरातून मुक्त आहे. समजा तुम्ही ३० टक्के कर भरता. साध्या रोख्यावर ५ टक्के व्याज मिळालं तर हातात साडेतीन उरतात. करमुक्त रोख्यावर ४ टक्केच मिळाले तरी तुम्ही खूश. म्हणजे कंपनीला १ टक्का स्वस्त कर्ज मिळालं. तो फरक भरला कुणी? वॉशिंग्टनने, म्हणजे आपण सगळ्यांनी. गावाला नाही म्हणायचं कारणच उरलं नाही.

व्हायचं तेच झालं. १९६८ मध्ये काँग्रेसला लगाम घालावा लागला. लहान कर्जांसाठी सवलत ठेवली, तिची मर्यादा १९७८ पर्यंत १ कोटी डॉलरवर गेली. कारखान्यांसाठीची योजना दुकानांपर्यंत पोचली, के-मार्टसारख्या साखळ्यांनीही तिचा लाभ घेतला. १९८२ मध्ये नवी अट आली: असे रोखे काढण्याआधी जाहीर सुनावणी आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीची मंजुरी. १९८६ च्या कायद्याने आणखी आवळलं. छोट्या रोख्यांची सवलत पुढे मुख्यतः उत्पादन करणाऱ्या कारखान्यांपुरती उरली.

आता आपल्या दारात येऊ. न्यू यॉर्कचा आयडीए कायदा १९६९ चा. सदस्य ३ ते ७, नेमणूक काउंटी किंवा शहराच्या निर्वाचित मंडळाकडून, पगार नाही. आपण त्यांना मत देत नाही, पण त्यांना नेमणाऱ्यांना देतो. रोखे आता त्यांच्या कामाचा एक भाग झाला. मोठा भाग करमाफीचा. मालमत्ता कागदोपत्री आयडीएच्या ताब्यात येते, म्हणून मालमत्ता कर लागत नाही. त्याऐवजी कंपनी ठरलेली रक्कम भरते, तिला इथे 'पायलट' म्हणतात. मालमत्ता कराचा मोठा वाटा शाळांचा असतो, हे मुलांच्या आईबापांनी लक्षात ठेवावं.

२००५ आणि २००९ च्या सुधारणांनी सदस्यांना प्रशिक्षण, ऑडिट समिती आणि संस्थेशी निष्ठेची शपथ आणली. नंतरच्या कायद्याने कबूल केलेल्या नोकऱ्या न आल्या तर सवलत परत घेण्याची तरतूद सक्तीची झाली. १ लाख डॉलरहून जास्त मदत असेल तर किमान १० दिवसांची नोटीस देऊन सुनावणी घ्यावी लागते. हे सगळं लोकांनी भांडून मिळवलंय.

अशा एका सुनावणीला मी गेलो होतो. दोन कर्मचारी, अर्जदाराचे वकील आणि ऐकायला आम्ही तिघे. वीस मिनिटांत संपली. बोलायला कुणाची आडकाठी नव्हती, बोलणारंच कुणी नव्हतं.

माझा या संस्थांना विरोध नाही. काही कारखाने यामुळेच टिकले असतील. पण पुढच्या वेळी नोटीस आली की चार प्रश्न घेऊन जाऊया: सवलत नसती तर ही कंपनी खरंच आली नसती का? नोकऱ्या किती, कोणत्या पगाराच्या? शाळांचं नुकसान किती वर्षं? आणि शब्द पाळला नाही तर पैसे कधी परत मागणार?

सभा आता ऑनलाइनही दाखवाव्या लागतात, त्यामुळे गाडी काढायचंही निमित्त नाही. पुढची नोटीस दिसली की इथेच टाकतो. कोण कोण येणार, कमेंटमध्ये सांगा.