होर्निकेविच, ओलेह

ऑस्ट्रियन जीवरसायनशास्त्रज्ञ व औषधशास्त्रज्ञ (१९२६–२०२०). कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन आजाराच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीनची मोठी घट झालेली असते, हे त्यांनी १९६० मध्ये सिद्ध केले. मेंदूच्या झिजेचा आजार एका विशिष्ट रसायनाच्या, विशिष्ट जागी पडलेल्या तुटवड्याशी प्रथमच जोडला गेला. त्याहून विलक्षण बाब अशी, की या शोधातून सुचलेला उपचार पुढच्याच वर्षी रुग्णांवर करून पाहिला गेला.

त्यांचा जन्म ल्विव्ह शहराजवळच्या सिखिव्ह गावी झाला. हा भाग तेव्हा पोलंडमध्ये होता, आज युक्रेनमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात कुटुंब व्हिएन्नाला आले आणि तेथेच १९५१ मध्ये ते डॉक्टर झाले. पुढे ऑक्सफर्डमध्ये हेर्मान ब्लाश्को यांनी त्यांना डोपामीनच्या अभ्यासाकडे वळवले. नॉरअ‍ॅड्रेनलीन तयार होतानाचा एक मधला टप्पा, एवढीच डोपामीनची तोवर ओळख होती.

स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पीन हे औषध देऊन निपचित केलेल्या सशांना डोपा, म्हणजे ज्यापासून डोपामीन बनते ते रसायन, टोचले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूतले डोपामीन प्रामुख्याने स्ट्रायटम या हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या खोल भागात असते, हेही १९५९ पर्यंत प्राण्यांत दिसून आले. होर्निकेविच यांनी मात्र थेट माणसाच्या मेंदूला हात घातला. शवविच्छेदनातून मिळालेल्या ऊतीत इतके अस्थिर रसायन मोजता येईल, याची खात्री नव्हती. म्हणूनच हा निर्णय धाडसाचा होता.

मोजण्याची पद्धत रंगावर आधारलेली होती. ऊतीच्या अर्कावर आयोडीनची प्रक्रिया केली की डोपामीन असल्यास गुलाबी रंग येई. निरोगी मेंदूच्या नमुन्याला तो स्पष्ट आला. कंपवाताच्या नमुन्यावर जेमतेम छटा उमटली. मोजणीयंत्राकडे जाण्याआधीच फरक नुसत्या डोळ्यांनी कळला. हेर्बर्ट एरिंगर यांच्यासह त्यांनी १७ निरोगी मेंदूंशी तुलना केली. हंटिंग्टन आजार व हालचालींचे इतर विकारही तपासले. पण डोपामीनची तीव्र घट आढळली ती कंपवाताच्या सहा मेंदूंतच. इतर विकारांशी केलेल्या या तुलनेमुळेच निष्कर्षाला खरे वजन आले.

उणीव डोपामीनची असली, तरी डोपामीन देऊन उपयोग नव्हता, कारण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा हे डोपाचे रूप मात्र शिरते आणि आत गेल्यावर विकराच्या मदतीने त्याचे डोपामीन बनते. (आपल्याकडच्या खाजकुयलीच्या बियांत हेच लेव्होडोपा असते, भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी ते १९३७ मध्ये त्यांतून वेगळे केले होते.) होर्निकेविच यांच्या आग्रहावरून वाल्टर बिर्कमायर यांनी जुलै १९६१ मध्ये व्हिएन्नातल्या रुग्णांना शिरेतून ५० ते १५० मिलिग्रॅम लेव्होडोपा दिले. अंथरुणावर उठूनही बसता न येणारे रुग्ण उभे राहिले, चालू लागले. परिणाम काही तासांत ओसरे. त्यामुळे अनेकांचा विश्वास बसला नाही. अमेरिकेत जॉर्ज कोटझियस यांनी १९६७ मध्ये तोंडावाटे मोठे डोस हळूहळू वाढवत देऊन टिकाऊ सुधारणा दाखवली, तेव्हा शंका फिटली.

डोपामीन जाते कोठे, याचेही उत्तर होर्निकेविच यांनी शोधले. सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागातल्या पेशी मरतात आणि त्यांचे तंतू स्ट्रायटमपर्यंत डोपामीन पोचवेनासे होतात. लक्षणे ठळक होईपर्यंत स्ट्रायटममधले बहुतांश डोपामीन गेलेले असते. लेव्होडोपा ही पेशींची झीज थांबवत नाही; वर्षे सरतात तसा डोसचा प्रभाव कमी काळ टिकतो आणि अनैच्छिक हालचालीही उद्भवू शकतात. तरीही कंपवाताच्या उपचारांत त्याचे स्थान आजही मध्यवर्ती आहे.

टोरांटोत काही वर्षे काम करून होर्निकेविच व्हिएन्नाला परतले. १९७९ मध्ये त्यांना वुल्फ पारितोषिक मिळाले. २००० चे नोबेल कार्लसन, पॉल ग्रीनगार्ड व एरिक कँडेल यांना मिळाले, तेव्हा होर्निकेविच यांना वगळल्याबद्दल २५० हून अधिक मेंदूशास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहिले. ती नाराजी रास्तच होती. स्वतः होर्निकेविच काम करत राहिले. कंपवातात उरलेल्या मज्जातंतूंच्या टोकांतील पुटिकाही डोपामीन नीट साठवू शकत नाहीत, असे दाखवणाऱ्या २०१४ च्या शोधनिबंधाचे ते सहलेखक होते.