टिळकांच्या घरातला बाप्तिस्मा

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्माचा बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नीला आधी कळवले नव्हते. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढची काही वर्षे दोघे वेगळे राहिले.

त्या नगरला नवऱ्याकडे परतल्या, पण त्याच्या धर्मात नव्हे. सोवळे सांभाळत, स्वतःची चूल वेगळी ठेवत राहिल्या. मग एके दिवशी मनाशीच प्रश्न घातला: जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळाले आणि सोवळे सुटले. बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. पाच वर्षांचा हा विलंबच त्यांच्या श्रद्धेचा खरा दाखला आहे. नवऱ्यामागे मुकाट गेलेल्या बाईचे आज्ञापालन इतके मोलाचे ठरले नसते.

1917 मध्ये टिळकांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभारायला घेतला. ठरलेला पगार गेला, तरी लक्ष्मीबाई सोबत होत्या.

1919 मध्ये टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ या त्यांच्या महाकाव्याचे जेमतेम साडेदहा अध्याय झाले होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेत चौसष्ट अध्याय रचले. त्या 1936 मध्ये गेल्या. शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त यांनी लिहिला आणि ग्रंथ 1938 मध्ये प्रसिद्ध झाला.