शंकू, लंब आणि संगणक : आरेखनाच्या पहिल्या पाठाचा पूर्वेतिहास

संगणकाच्या साहाय्याने आरेखन करावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्यास पहिल्या काही दिवसांत जे पाठ दिले जातात, ते थोडे आणि ठराविक असतात. एकक निश्चित करणे, आरंभबिंदू ठरविणे, अंतर व दिशा सांगून रेषा काढणे, एका रेषेवर दुसरीचा लंब टाकणे, आकृती बंद करून तिचे क्षेत्रफळ विचारणे, आणि शेवटी कागदावर उतरविताना प्रमाण ठरविणे, एवढ्यात या विद्येची अक्षरओळख पूर्ण होते. हे पाठ सर्वस्वी नवे असून पाश्चात्त्य यंत्रयुगाबरोबर ते आपल्याकडे आले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. यंत्रापुरती ती खरी आहे. विद्येपुरती ती खरी नाही. मराठी मुलखातील भूमापनाच्या दप्तरात ‘टिपण’ या नावाने ओळखला जाणारा जो कागद आहे, त्याची रचना पाहिली असता संगणकीय आरेखनाचे मूळ तत्त्व त्यात पूर्वीच सिद्ध झालेले होते, असे दिसून येते. इतकेच नव्हे, तर मधल्या काळातील आरेखनफलकावरील नकाशापेक्षा संगणकातील नकाशा हा टिपणाचा अधिक जवळचा आप्त आहे, असे म्हणावयास आधार आहे. हा आप्तसंबंध विसरला गेल्याने जी हानी संभवते तीही लहान नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी हट्टा हे गाव डोळ्यांपुढे ठेवणे उपयुक्त होईल. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हे गाव मराठवाड्यातील असंख्य गावांप्रमाणे तीन राजवटींच्या दप्तरांतून आलेले आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत ते हैदराबाद संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याबरोबर ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले. १ मे १९६० पासून ते महाराष्ट्रात आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा त्याचा जिल्हाही बदलला. शासन बदलले, दप्तराची भाषा बदलली, जिल्हा बदलला. परंतु शेताचे मोजमाप सांगण्याची एकके, एकर आणि गुंठा, ही मात्र टिकून राहिली. या सातत्याचे कारण एकोणिसाव्या शतकातील मोजणीत शोधावे लागते.

मुंबई इलाख्यात १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी जमाबंदी सुरू केली, तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. पुढे हैदराबाद संस्थानात दिवाण सालारजंग पहिले यांच्या कारकीर्दीत महसुली व्यवस्थेची पुनर्रचना होऊन १८७० नंतरच्या दशकात मोजणी व जमाबंदीचे खाते उभे राहिले, तेव्हा मराठी जिल्ह्यांपुढे शेजारच्या मुंबई इलाख्याचाच नमुना होता. या पद्धतीचे मुख्य साधन म्हणजे ३३ फुटांची साखळी. तिचे सोळा भाग, आणि प्रत्येक भागास नाव ‘आणा’. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. रुपयाचे सोळा आणे ज्यास ठाऊक, त्यास साखळीचे व गुंठ्याचे सोळा आणे वेगळे शिकवावे लागत नसत. व्यवहारातील परिचित अपूर्णांकावर मापनपद्धती उभारण्याची ही युक्ती अत्यंत व्यवहारदक्ष होती.

टिपणाची रचना अशी : शेताच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक आधाररेषा धरावयाची, तिला ‘शंकू’ म्हणत. शंकूवरून साखळी चालवीत जावयाचे, आणि बांध जेथे जेथे वळतो त्या वळणासमोर शंकूवर किती साखळ्या व आणे झाले ते लिहून, तेथून वळणापर्यंत काटकोनात अंतर मोजावयाचे. हे अंतर म्हणजे ‘लंब’. कागदावर शेताची आकृती हाताने, अदमासे काढलेली असे. ती प्रमाणशीर असावी अशी अपेक्षाच नव्हती. अधिकार आकृतीचा नव्हता, आकड्यांचा होता. आकृती फक्त कोणता आकडा कोणत्या बाजूचा एवढे सांगे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. हट्ट्याच्या शिवारातील एका चौकोनी शेताचा शंकू १० साखळ्या आहे. डावीकडच्या कोपऱ्याचा लंब ४ साखळ्या व उजवीकडच्याचा ३ साखळ्या आहे. शंकूने शेताचे दोन त्रिकोण झाले. दोन्ही लंबांची बेरीज ७, तिला १० ने गुणून निम्मे केले की ३५ येतात. आणि साखळीचा चौरस हाच गुंठा असल्याने हेच ३५ गुंठे. आता डावा लंब मोजताना एका आण्याची, म्हणजे दोन फुटांहून किंचित अधिक, चूक झाली असे समजू. क्षेत्रात पाच आण्यांचा, अर्थात सुमारे ३४० चौरस फुटांचा फरक पडतो. मोजणीतील चूक किती महाग पडते हे शेतकऱ्यास व मोजणीदारास एकाच हिशेबात कळत असे.

या टिपणांवरून पुढे गावनकाशा तयार होई, आणि येथे आरेखनाचे दुसरे युग सुरू होते. जुन्या गावनकाशांत ८ इंचांस १ मैल हे प्रमाण आढळते. त्या प्रमाणात कागदावरील एक इंच म्हणजे जमिनीवरील ६६० फूट. म्हणून इंचाच्या शंभराव्या भागाइतकी बारीक शाईची रेघही जमिनीवर ६.६ फूट रुंदी व्यापते. बांधाच्या वादात ६.६ फूट ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. नकाशा शेजार दाखवी, हद्द निश्चित करावयास टिपणाकडे जावे लागे. परंतु अभियांत्रिकीच्या शाळा, आरेखनफलक, टी-आकाराची पट्टी आणि जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेल्या प्रक्रियेतून निघालेली निळी प्रत यांच्या प्रसाराबरोबर प्रमाणशीर चित्रास प्रतिष्ठा आली. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आरेखक तयार होऊ लागले, तेही फलकावरचे होते. पूर्णा प्रकल्पाचे येलदरी व सिद्धेश्वर येथील बांध आणि वसमत भागास पाणी देणारे कालवे हे त्याच फलकयुगाचे अपत्य होत. चित्र अचूक असावे, रेघ एकसारखी असावी, अक्षर वळणदार असावे, ही त्या युगाची शिस्त होती व ती आदरणीयच होती. मात्र तीत चित्र हे मुख्य झाले आणि आकडा त्याच्या अंगावरचा अलंकार झाला.

संगणकाने हा क्रम पुन्हा उलटविला. इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या संस्थेत सादर केलेल्या प्रबंधात ‘स्केचपॅड’ ही प्रणाली वर्णिली. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढता येत, ही तिची नवलाई लोकांच्या ध्यानात राहिली. परंतु तिचे खरे महत्त्व निराळे होते. दोन रेषा परस्परांना लंब आहेत किंवा समान आहेत असा संबंध सांगितला की यंत्र आकृती त्या संबंधास अनुसरून जुळवून घेई. वापरणाऱ्याने काढलेली मूळ आकृती वेडीवाकडी असली तरी चाले. टिपणाच्या कागदाशी परिचय असलेल्या वाचकास यातील साम्य सांगावयास नको. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेत ऑटोकॅड ही प्रणाली निघाली आणि मेजावरील लहान संगणकांवर आरेखन शक्य होऊन ही विद्या मोठ्या कारखान्यांबाहेर पडली. फ्रीकॅड, लिब्रेकॅड यांसारख्या विनामूल्य प्रणालींमुळे आज खेड्यातील विद्यार्थ्यासही ती अप्राप्य राहिलेली नाही. या बहुतेक साऱ्या प्रणालींच्या संचिकेत रेषेचे चित्र साठविलेले नसते; तिच्या दोन टोकांचे आकडे साठविलेले असतात. पडद्यावरील चित्र हे त्या आकड्यांवरून क्षणोक्षणी नव्याने काढलेली प्रत होय.

या दृष्टीने नवशिक्याचे पहिले पाठ पुन्हा पाहिले पाहिजेत. पहिला पाठ असा की, नकाशा पूर्ण मापाने काढावयाचा. प्रमाणाचा विचार छापतेवेळी. फलकावर शिकलेल्यास हे चमत्कारिक वाटते, कारण तेथे प्रमाण ठरविल्यावाचून पहिली रेघही काढता येत नसे. टिपण लिहिणाऱ्यास ते स्वाभाविक वाटले असते, कारण तो दहा साखळ्यांना दहाच लिहीत असे. दुसरा पाठ एककाचा. प्रणालीस ‘१०’ हा आकडा कळतो. ते मीटर की फूट की साखळ्या हे माणसाने ठरवावयाचे. ३३ फुटांची साखळी म्हणजे १०.०५८४ मीटर, तिला ढोबळपणे १० मीटर धरल्यास उपरोक्त ३५ गुंठ्यांच्या शेतातून सुमारे चाळीस चौरस मीटर जमीन बांधाला हात न लावता नाहीशी होते. तिसरा पाठ दिशेचा. बहुतेक प्रणालींत कोन पूर्वेपासून व घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजतात. होकायंत्राची दिशा उत्तरेपासून व काट्यांच्या दिशेने. होकायंत्राचे ६० अंश प्रणालीत ३० अंश म्हणून द्यावे लागतात, नाहीतर रेषा बिनचूक निघते पण भलतीकडे जाते. चौथा पाठ टोकास टोक जुळविण्याचा. डोळ्यांना मिळालेली दिसणारी दोन टोके आकड्यांत निराळी असली तर आकृती बंद होत नाही व क्षेत्रफळ निघत नाही. म्हणून टोक, मध्य, छेद व लंब हे बिंदू नेमके पकडणारी सोय प्रथमच शिकावी लागते. पाचवा पाठ थरांचा. हद्द, विहीर, वाट, झाड ही निरनिराळ्या थरांवर ठेवावयाची, म्हणजे एकाचा गोंधळ दुसऱ्यात होत नाही. टिपणात हे काम खुणा व शेरे करीत.

आता हानीविषयी. संगणक लांबी मागितल्यास दशांशचिन्हापुढे सहा-आठ स्थळांपर्यंत उत्तर देतो. हे उत्तर गणिताचे असते, जमिनीचे नसते. २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमापासून जुन्या नकाशांच्या अंकीकरणास गती मिळाली. जीर्ण कागद वाचविण्यासाठी ते आवश्यकच आहे. परंतु कागद दमटपणाने व घड्यांनी आक्रसतो. लांबी-रुंदीत शेकडा एक एवढाही आक्रस झाला असेल, आणि तसाच तो नकाशा संगणकात उतरविला, तर क्षेत्र शेकडा दोनने घटते. ३५ गुंठ्यांत सुमारे सात दशांश गुंठा. पूर्वी फाटक्या नकाशाकडे पाहून त्यावर किती विसंबावे हे कोणीही ओळखी. अंकीकृत नकाशात तीच चूक स्वच्छ, बारीक, कितीही मोठी केली तरी न फाटणाऱ्या रेषेच्या रूपाने येते. चूक नाहीशी होत नाही. तिच्यावरील वार्धक्याच्या खुणा तेवढ्या नाहीशा होतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हाच धोका मोठा आहे, कारण देखण्या नकाशापुढे त्याची शंका अडाणीपणाची ठरते. यावर उपाय जुनाच आहे : आकृतीवरून आकडे न घेता, टिपणातील आकड्यांवरून आकृती पुन्हा रचणे, आणि शेतातील शाबूत हद्दखुणांशी ती ताडून पाहणे.

याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ परिसरात, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मान्यता दिली. परस्परांशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा हा तिचा मूळ आकार आहे. म्हणजे एक शंकू आणि एक लंब. या अंतरात पृथ्वीच्या वक्रतेमुळे जमीन सरळ प्रकाशरेषेपासून एक मीटरहून अधिक ढळते. सपाट पडद्यावर सरळ दिसणारी रेषा जमिनीवर सरळ नसते, हे तेथील आरेखकास विसरून चालणार नाही. ३५ गुंठ्यांच्या शेतात हा दोष नगण्य आहे, वेधशाळेत निर्णायक आहे. किती सूक्ष्मता आवश्यक व किती खरी, याचा विवेक प्रणाली करीत नाही.

शेवटी भाषेचा प्रश्न उरतो. ‘नकाशा’ व ‘हद्द’ हे शब्द अरबी मुळाचे, ‘खाका’ फारसी, ‘शंकू’ व ‘लंब’ संस्कृत, ‘साखळी’ व ‘बांध’ घरचे. आणि ‘सुतार’ हा शब्दच ‘सूत्रधार’ यापासून, म्हणजे मोजमापाची दोरी धरणाऱ्यापासून, आलेला. अनेक राजवटींतून जमलेला हा शब्दसंग्रह मोजणीच्या प्रत्येक कृतीस पुरा पडत होता. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने विविध विद्याशाखांचे परिभाषा कोश सिद्ध केले. परंतु आरेखनवर्गात आज्ञा इंग्रजीतच पाठ होतात. तेही एकवेळ चालेल. न चालणारी गोष्ट ही की, ‘पर्पेंडिक्युलर’ ही आज्ञा देणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्या आजोबांच्या शेताच्या टिपणातील ‘लंब’ तोच आहे हे कोणी सांगत नाही. ते सांगितले तर आज्ञेबरोबर तिची जबाबदारीही त्याच्या ध्यानात येईल, आणि त्याचा पहिला नकाशा एखाद्या काल्पनिक यंत्रभागाचा न होता गावच्या टिपणावरून काढलेल्या शेताचा होईल. संगणकीय आरेखनाचा अभ्यासक्रम मराठवाड्यात तरी येथून सुरू व्हावा, असा या इतिहासाचा निष्कर्ष आहे.