विद्यार्थी अर्थसाहाय्य, अमेरिकेतील

विद्यार्थी अर्थसाहाय्य, अमेरिकेतील : महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च पेलण्याची कुटुंबाची ऐपत अजमावून त्या मानाने विद्यार्थ्यास अनुदान, कर्ज वा काम देण्याची अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पद्धती. ऐपत मोजताना उत्पन्नाबरोबर बचतही हिशोबात धरावी काय आणि धरल्यास काटकसरी कुटुंबावर अन्याय होतो काय, हा तिच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

हार्व्हर्ड महाविद्यालयास १६४३ मध्ये ॲन रॅडक्लिफ (लेडी मोल्सन) या इंग्रज महिलेने गरीब विद्यार्थ्यासाठी १०० पौंडांची देणगी दिली. तेव्हापासून दीर्घकाळ असे साहाय्य दात्यांच्या इच्छेवर व महाविद्यालयांच्या मर्जीवर अवलंबून होते. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणखर्च मिळू लागला. मात्र त्याचा आधार सेवा हा होता, गरज नव्हे. महाविद्यालयांत हुशार विद्यार्थ्यांसाठी चढाओढ वाढली, तेव्हा हार्व्हर्डचे जॉन मन्रो यांनी पालकांचे उत्पन्न व मालमत्ता यांवरून गरज ठरविण्याचे सूत्र मांडले. या विचारातूनच १९५४ मध्ये कॉलेज बोर्डाने ‘कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस’ ही यंत्रणा उभारली. एकाच कुटुंबाची ऐपत सर्वत्र सारखीच मोजली जावी, हा तिचा हेतू होता.

संघराज्य शासनाने १९५८ मध्ये कर्जे व १९६५ च्या उच्च शिक्षण अधिनियमान्वये अनुदाने सुरू केली. १९७२ मध्ये आलेल्या मूलभूत अनुदानास १९८० मध्ये सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचे नाव देण्यात आले. १९७८ मध्ये मध्यमवर्गीयांसाठी कर्जावरील उत्पन्नाची अट काढण्यात आली. तथापि खर्च वाढल्यामुळे १९८१ मध्ये ३०,००० डॉलरांहून अधिक उत्पन्नाच्या कुटुंबांना गरज सिद्ध करण्याची अट पुन्हा लागू झाली. १९९२ च्या दुरुस्तीने एकच संघीय सूत्र व विनाशुल्क अर्ज आला आणि राहत्या घराचे मूल्य हिशोबातून वगळले गेले. निवृत्तिनिधीही वगळलेलाच आहे.

या सूत्रात उत्पन्नाचा भार सर्वाधिक असतो. कर व जीवनमानाचा किमान खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचा २२ ते ४७ टक्के भाग शिक्षणासाठी उपलब्ध मानतात. पालकांच्या बचतीतून दरवर्षी जास्तीत जास्त ५·६४ टक्के, तर विद्यार्थ्याच्या नावावरील बचतीतून २० टक्के भाग धरतात. २००७ पूर्वी हा दुसरा दर ३५ टक्के होता. उदा., ५०,००० डॉलर पालकांच्या नावावर असल्यास अपेक्षित वाटा अधिकाधिक २,८२० डॉलरांनी, तर विद्यार्थ्याच्या नावावर असल्यास १०,००० डॉलरांनी वाढतो. बचत तीच, परंतु खाते कोणाचे यावर साहाय्य ठरते.

अर्थशास्त्रज्ञ मार्टिन फेल्डस्टाइन यांनी १९९५ मध्ये दाखविले, की ही आकारणी दरवर्षी होत असल्याने ती बचतीवरील करासारखीच ठरते व लोक कमी बचत करतात. नंतरच्या काही अभ्यासांत हा परिणाम त्या मानाने अल्प आढळला. उलट, बचत अजिबात वगळल्यास अल्प उत्पन्न पण मोठी संपत्ती असलेली कुटुंबे गरीब ठरतील, असा प्रतिवाद केला जातो. त्यामुळे दोन्ही बाजूंचा तोल सांभाळणे हेच धोरणकर्त्यांचे काम राहिले.

२०२० च्या कायद्याने अर्ज संक्षिप्त केला. २०२४–२५ पासून ‘अपेक्षित कौटुंबिक अंशदान’ याऐवजी ‘विद्यार्थी साहाय्य निर्देशांक’ वापरात आला; तो उणे १,५०० पर्यंत खाली जाऊ शकतो. ६०,००० डॉलरांहून कमी उत्पन्नाच्या बहुतेक कुटुंबांना मालमत्तेची माहिती द्यावी लागत नाही. मात्र एकाच वेळी अनेक मुले महाविद्यालयात असल्यास मिळणारी सवलत रद्द झाली. संघीय साहाय्य नागरिक व विशिष्ट पात्र रहिवासी यांनाच मिळते. विद्यार्थी प्रवेशपत्रावर तेथे जाणारे भारतीय विद्यार्थी त्यास पात्र नसून त्यांना महाविद्यालयांच्या स्वतःच्या निधीवर वा कर्जावर विसंबावे लागते.

गरजेचे मोजमाप सूत्राने केले, तरी ऐपत म्हणजे काय हा मूळ प्रश्न गणिताचा नसून न्यायाचा आहे, हेच या इतिहासावरून दिसून येते.