पुट यूजर (लिनक्स कर्नल)

पुट यूजर हा लिनक्स कर्नलमधील एक मॅक्रो असून तो कर्नलकडील एखादे साधे मूल्य वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमच्या स्मृतीत लिहितो. लेखन यशस्वी झाल्यास तो शून्य परत करतो. पत्ता अवैध असल्यास ऋण त्रुटिसंकेत.

किती बाइट लिहायचे हे मूल्यावरून नव्हे, तर पॉइंटरच्या प्रकारावरून ठरते. अडचण येते ती स्थिरांकाच्या बाबतीत. सी भाषेत नुसता -१ लिहिला, तर तो ‘इंट’ प्रकारचा, म्हणजे ३२ बिटांचा धरला जातो. लक्ष्य ६४ बिटांचे असताना तो तसाच असेंब्ली सूचनेकडे सोपवला, तर रजिस्टरच्या वरच्या अर्ध्या भागात काय असेल याची शाश्वती नसते. तेथे उरलेली कर्नलची माहितीही बाहेर जाऊ शकते. म्हणून मॅक्रो प्रथम लक्ष्याच्याच प्रकारचे एक तात्पुरते चल घेतो व स्थिरांक त्यात ठेवतो. रूपांतर तेथेच पूर्ण होते.

एक्स८६-६४ प्रक्रियकावर आणखी एक मर्यादा आहे. स्मृतीत थेट लिहिणाऱ्या सूचनेत फक्त ३२ बिटांचा चिन्हांकित स्थिरांक मावतो; मोठा स्थिरांक आधी रजिस्टरमध्ये भरावा लागतो. त्यामुळे ‘अनसेफ पुट यूजर’ या जोडरूपात ६४ बिटांसाठी असेंब्लीच्या बंधनात ‘आय’ऐवजी ‘ई’ हे अक्षर वापरतात. ‘आय’ ठेवल्यास कंपायलर मोठा स्थिरांकही तसाच पुढे पाठवू शकतो आणि असेंब्लर तो नाकारतो.