तरणा, म्हातारा आणि हत्ती : आमच्या पावसाची नावं



2025 च्या मे महिन्यात बांधावर वाद झाला. मी म्हणालो, वळीव आहे, दोन दिसांत उघडंल. शेजारचे आबा म्हणाले, "वळीव असा दिवसदिवस रिपरिप करतोय व्हय?" 26 मे ला मॉन्सून मुंबईत पोचला. रोहिणी लागून जेमतेम एक दिवस झालेला. माझी कुळवट राहिली, वाफसा येईना, बाजरी उशिरा पेरली. पाऊस ओळखायला चुकलो.

तवापासून ह्या नावांचा मागोवा घेतोय.

सूर्य एका नक्षत्रात 13-14 दिवस असतो, त्यावरनं पावसाची नावं. पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूचा, पूर्वाचा सुनेचा, हस्ताचा हत्ती. तरण्या-म्हाताऱ्यावर घाटाखाली भाताची लावण उरकते. आटपाडी पर्जन्यछायेत, इथं त्या दिवसांत नुसतं वारं सुटतं. आपला भरवसा उत्तरा आणि हत्तीवर, कारण शाळू त्याच ओलीवर. 1972 ला पावसानं दगा दिला आणि माणसं खडी फोडायला गेली. "बहात्तर" हा शब्दच तवापासून दुष्काळाचं नाव झाला.

डाळिंब आलं तरी नावं टिकली. मृग बहार, हस्त बहार हे शब्द कृषी विद्यापीठाच्या पुस्तकातही तेच आहेत.

पण नक्षत्र तरी जागेवर कुठं असतंय? पृथ्वीचा आस सावकाश फिरतो, म्हणून ऋतूच्या मानानं नक्षत्रं साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढं सरकतात. शिवराज्याभिषेकापासून मिरग जवळपास पाच दिवस पुढं गेलाय. पाऊस मात्र एका वर्षातच पंधरा दिवस इकडंतिकडं होतो. म्हंजे नाव ही तारीख न्हाय. कुठला पाऊस कुठलं काम करतो, ते नाव सांगतं.

म्हणून मिरग लागला की तिफण जुंपायची, हे मी सोडलं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस आणि वाफसा बघूनच पेरतो. वहीत तीन रकाने पाडलेत : नक्षत्र, तारीख, मिलिमीटर. पोरगं मोबाईल बघतं, मी आबांना विचारतो, आणि दोन्ही वहीत उतरतं.

तुमच्याकडं आश्लेषाच्या पावसाला काय म्हणतात? घरातल्या जुन्या माणसाला आजच विचारून ठेवा.