साष्टीचे स्थलदर्शक पत्रक (47 ए/16)

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशामालेतील 72° 45′ ते 73° पूर्व रेखांश व 19° ते 19° 15′ उत्तर अक्षांश या चौकटीचे पत्रक. मुंबईचा बहुतेक भाग आणि अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीसह साष्टी बेटाचा मोठा हिस्सा यात येतो. घोडबंदर शेजारच्या 47 ए/15 मध्ये. जुन्या आवृत्त्या एका इंचास एक मैल (1:63,360), नंतरच्या 1:50,000 प्रमाणाच्या.

जलप्रवाह : पत्रकाचे खरे मोल येथे आहे. मिठी, ओशिवरा, पोयसर व दहिसर या नद्या बेटाच्या मधल्या डोंगरातून निघून खाड्यांना मिळतात. विहार (1860), तुळशी (1879) आणि पवई (1891) हे तलाव याच डोंगरात बांधले गेले. विहार-पवईच्या सांडव्याचे पाणी मिठीतून सुमारे 18 किमी वाहत माहीमच्या खाडीत जाते. पावसाळा सरला की कोरडे पडणारे ओढे या मालेत निळ्याऐवजी काळ्या रेषेने काढतात. ती बारीक काळी रेघ ओलांडून पुढे जाणाऱ्या वाचकाला जुलैतला ओढा कळणारच नाही. एकइंची नकाशात समोच्चरेषा साधारणतः 50 फुटांच्या अंतराने असल्याने कुर्ल्याची सखल जमीन, खाजणे व भांडुप-मुलुंडची मिठागरे पहिल्या रेषेच्याही खाली राहतात. पाणी तुंबते ते नेमके तेथे, आणि तेथेच नकाशा उंचीबाबत जवळजवळ मुका आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रुझ येथे 24 तासांत 944 मिमी पाऊस नोंदला गेला, तेव्हा मिठीकाठच्या वस्त्या बुडाल्या. नदीपात्रातील भराव व बांधकामे पाहताना जुनी आवृत्ती शेजारी ठेवावीच.

लोहमार्ग : बोरीबंदर-ठाणे मार्ग (1853) डोंगराच्या पूर्वेने, बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय) रेल्वेचा मार्ग (1860 चे दशक) पश्चिमेने जातो. दोन्ही डोंगर व खाडी यांच्यामधून जात असल्याने प्रत्येक ओढ्याला रुळांखालच्या मोरीतूनच वाट काढावी लागते. रुळांच्या भरावाची सापेक्ष उंची आकड्यापुढे ‘आर’ लिहून दाखवतात. सखल भागात पाण्याचा अडसर ओळखायला हा आकडा समोच्चरेषेपेक्षा उपयोगी. तुर्भे-कुर्ला-अंधेरी हा सुमारे 13 किमीचा साष्टी-तुर्भे रेल्वेमार्ग 1928 मध्ये सुरू होऊन 1934 च्या सुमारास विमानतळासाठी उखडला गेला.

वस्ती : गावठाणे लाल रंगात, गोरेगावजवळ पहाडी हे जुने नाव.